छत तिसऱ्यांदा गळलं, जॉब कार्ड मात्र म्हणतं 'ओके'! वॉरंटीतली दुरुस्तीच खराब निघाली तर काय करायचं?

इन्स्टाग्रामवर व्हॅनलाइफचे रील्स तुम्हीही पाहिले असतील. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली गाडी, मागचं दार सताड उघडं, गादीवर लोळणारा कुत्रा आणि हातात कॉफीचा मग. माझ्या मावसभावाने हे रील्स जरा जास्तच मनावर घेतले. साठवलेले पैसे आणि वर कर्ज असे मिळून २६ लाख रुपये घालून त्याने व्हॅन घेतली आणि एका बॉडी बिल्डरकडून आत बेड, ओटा, फ्रिज, छतावर एसी असं सगळं बसवून घेतलं. बॉडीच्या कामावर एक वर्षाची वॉरंटी मिळाली.

पहिल्या पावसाळ्यात आंबोलीत रात्री दोन वाजता त्याच्या उशीवर पाणी टपकायला लागलं.

त्याने वर्कशॉप गाठलं. तिथे सिलिकॉनची एक नळी रिकामी करून गाडी परत दिली. आठ दिवसांनी पाणी पुन्हा आलं. परत सिलिकॉन. तिसऱ्या वेळी गाडी चार दिवस ठेवून घेतली आणि जॉब कार्डवर लिहिलं, 'वॉटर लीकेज चेक केले, ओके'. घरी येईपर्यंत भिंतीचं प्लाय फुगलेलं होतं आणि वॉरंटी संपायला तीन आठवडे उरले होते.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे आलीये व्हॅन! पण गाडीच्या जागी स्कूटर किंवा कार ठेवून बघा. वॉरंटी नाकारली तर निदान भांडता तरी येतं. इथे वॉरंटी मान्य आहे, दुरुस्ती 'झालेली' आहे, आणि बिघाड जिथल्या तिथे आहे. अशा वेळी काय करायचं, हे बहुतेकांना माहीत नसतं.

आधी हे बघा: वॉरंटी नक्की कुणाची?

व्हॅनच्या बाबतीत हा प्रश्न फार छळतो. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांची वॉरंटी गाडी बनवणाऱ्या कंपनीची. छत, खिडक्या, फर्निचर, आतलं वायरिंग बॉडी बिल्डरचं. फ्रिज, एसी, इन्व्हर्टर, बॅटरी यांची प्रत्येकाची वेगळी कंपनी आणि वेगळी मुदत. त्यामुळे बॅटरी रात्रीत उतरायला लागली की बिल्डर म्हणतो अल्टरनेटर बघा, कंपनी म्हणते बाहेरून वायरिंग केलंय, आमचा संबंध नाही, आणि बॅटरीवाला म्हणतो चार्जिंग चुकीचं होतंय. तुम्ही तिघांच्या मध्ये चेंडू.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. अमेरिकेत या गाड्यांचा प्रचंड मोठा उद्योग आहे, इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट हे त्याचं केंद्र. तिथे वारंवार बिघडणाऱ्या नव्या गाड्यांसाठी राज्याराज्यांत 'लेमन लॉ' आहेत. म्हणजे काय, तर ठरावीक वेळा दुरुस्ती करूनही दोष गेला नाही, किंवा गाडी ठरावीक दिवस वर्कशॉपमध्येच पडून राहिली, तर कंपनीने गाडी बदलून द्यायची किंवा पैसे परत करायचे. कॅलिफोर्नियात पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८ हजार मैलांच्या आत एकाच दोषासाठी चार प्रयत्न झाले, किंवा गाडी एकूण ३० दिवसांहून जास्त वर्कशॉपमध्ये राहिली, तर गाडी दुरुस्त होण्यासारखी नाही असं गृहीत धरलं जातं. पण गंमत अशी की मोटरहोमच्या बाबतीत हा नियम चॅसी आणि चालणाऱ्या भागाला लागू होतो. राहायचा भाग त्यातून वगळलाय. म्हणजे गळणारं छत तिथेही या नियमाबाहेरच!

भारतात असा मोजून दिलेला नियमच नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण घेतलेली व्हॅन गळायला लागली तर आधार आहे तो सर्वसाधारण ग्राहक कायद्याचाच. तो तितकासा कमजोर नाही, फक्त तो कागद मागतो.

'ओके' लिहिलेल्या जॉब कार्डाचं काय?

या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महागात पडणारी गोष्ट म्हणजे आपली सही. गाडी ताब्यात घेताना 'काम समाधानकारक' असं छापलेल्या ओळीखाली आपण डोळे झाकून सही करतो. माझ्या भावाने तीनही वेळा केली. उद्या प्रकरण वर गेलं तर वर्कशॉपचा वकील पहिल्यांदा तोच कागद पुढे करणार.

म्हणून गाडी देतानाच जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. 'लीकेज चेक' असं मोघम चालणार नाही. 'उजव्या बाजूच्या बेडवर, खिडकीपासून साधारण एक फूट मागे, पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासात पाणी टपकतं. याच तक्रारीसाठी तिसरी भेट' असं लिहा. रकाना पुरत नसेल तर वेगळ्या कागदावर लिहून त्याची पोच घ्या. तारीख, किलोमीटर आणि ओलं झालेलं प्लाय दिसेल असा व्हिडिओ काढा. परत घेताना काय केलं, कुठला भाग बदलला, हे लिहून मागा. आणि सही करायचीच असेल तर वर स्वतःच्या हाताने लिहा: 'दुरुस्तीची खात्री पटलेली नाही, तक्रार कायम ठेवून गाडी ताब्यात घेत आहे.' सर्व्हिस ॲडव्हायझर कुरकुर करेल. करू दे.

त्याच संध्याकाळी ईमेल टाका. फोनवर झालेलं बोलणंही 'आज आपलं असं बोलणं झालं' म्हणून ईमेलवर उतरवा. वॉरंटीच्या काळात नोंदवलेली आणि न सुटलेली तक्रार ही मुदत संपल्यावर आलेली नवी तक्रार नाही, हे दाखवायला हाच कागद उपयोगी पडतो. भावाने उरलेल्या तीन आठवड्यांत हे एकच काम नीट केलं.

दुरुस्ती खराब आहे हे सिद्ध कसं करायचं?

गळतीचंच घ्या. पाणी जिथे टपकतं तिथूनच आत येतं असं नसतं. छतावरच्या एसीसाठी कापलेल्या भोकातून शिरलेलं पाणी आतल्या चौकटीवरून वाहत जाऊन चार फूट लांब खिडकीपाशी बाहेर येऊ शकतं. नीट शोधायचं तर खालून वर, एकेका सांध्यावर थोडा वेळ पाणी मारत आतून बघावं लागतं. जुनं सीलंट पूर्ण खरवडून, पृष्ठभाग स्वच्छ करून आणि कोरडा करून मगच नवं लावायचं असतं. जुन्यावर नवा थर चोपडला की तो काही दिवस धरतो आणि सुटतो. शिवाय भिजलेलं प्लाय तसंच आत राहिलं तर बाहेरून छत कोरडं झालं तरी भिंत आतून कुजत राहते. म्हणजे 'सिलिकॉन लावलं' ही दुरुस्ती असेलच असं नाही. कुठून गळतंय हे शोधलं का, हा खरा प्रश्न. ईमेलमध्ये तोच विचारा: पाण्याची चाचणी केली का, केली असेल तर कुठे काय सापडलं?

इथे एक मोह होतो. वैतागून बाहेरच्या मिस्त्रीकडे जायचं आणि एकदाचं करून टाकायचं. थांबा! त्यात दोन नुकसानं आहेत. वॉरंटी रद्द झाली असं सांगायला समोरच्याला निमित्त मिळतं आणि दोषाचा पुरावाही निघून जातो. पाणी अडवायचंच असेल तर वरून ताडपत्री टाका आणि त्याचे फोटो ठेवा.

कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छत गळणं हा दोष, तीनदा नेऊनही ते नीट न करणं ही त्रुटी. तक्रारीत दोन्ही लिहा. 'वॉरंटीत फुकट करून दिलं, मग सेवा कसली?' असं कुणी म्हणालं तर गडबडू नका. ते फुकट नव्हतं, गाडीच्या किमतीतच त्याचे पैसे घेतलेले होते.

सुरुवात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनपासून करता येते, नंबर १९१५. ती आदेश देऊ शकत नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि पुष्कळदा तेवढ्याने फोन यायला लागतात. त्याने भागलं नाही तर लेखी नोटीस आणि मग ग्राहक आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. गाडी दुसऱ्या जिल्ह्यातून घेतली असली तरी तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, २० ते ५० लाखांच्या व्यवहाराला १,००० रुपये. 'ई-जागृती' पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते, वकील असलाच पाहिजे असं नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवं.

आता मुख्य गोष्ट, अपेक्षा. 'गाडीच बदलून द्या' ही मागणी सहज मान्य होत नाही. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये सांगितलं की वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची असेल, तर अख्खी गाडी बदलण्याचा आदेश देता येत नाही. दुसरीकडे फियाट इंडियाच्या प्रकरणात २०१० मध्ये कोर्टाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून गाडी तपासायला सांगितलं आणि मूळ उत्पादनातच दोष निघाला तर किंमत व्याजासह परत करा असं म्हटलं. म्हणजे सगळं तज्ज्ञाच्या अहवालावर येऊन ठेपतं. तपासणीसाठी आयोगाकडे अर्ज करता येतो, तिचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो. अहवाल नाही म्हणून हरलेल्या तक्रारी कमी नाहीत. दोष दूर करा, प्लाय बदला, झालेला खर्च आणि मनस्तापाची भरपाई द्या, अशी मागणी जास्त टिकते.

प्रतिवादी कोण हेही जपून ठरवा. गोव्यातल्या एका प्रकरणात २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने डीलरच्या चुकीसाठी टाटा मोटर्सला जबाबदार धरायला नकार दिला, कारण कंपनीला त्याची माहिती होती असं तक्रारीत म्हटलेलं आणि दाखवलेलं नव्हतं. कुणी काय चूक केली, हे प्रत्येकाच्या नावापुढे वेगळं लिहावं लागतं.

आणि एक खाच. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्यात 'ग्राहक' नसतो. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवत असाल तर सूट आहे. पण व्हॅन भाड्याने देतो अशी जाहिरात इन्स्टावर टाकून ठेवली असेल, तर समोरचा वकील तिचा स्क्रीनशॉट आणणार हे धरून चाला.

कायद्यात निकालाची मुदत तीन महिने आणि तपासणी लागली तर पाच महिने आहे. प्रत्यक्षात बऱ्याचदा वर्षं जातात, हे आधीच माहीत असलेलं बरं.

मग सोशल मीडियावर टाकायचं की नाही?

टाका, पण तारखा आणि जॉब कार्डच्या फोटोंसह. वैयक्तिक तपशील झाकून. 'चोर आहेत' लिहिलंत तर मानहानीच्या नोटिशीची सोय तुम्हीच केलीत. 'तीन भेटी, तीच तक्रार, हा व्हिडिओ' एवढं पुरतं. वर्कशॉपमधल्या पोराचा चेहरा किंवा नंबर टाकू नका, त्याला सिलिकॉनची नळी वरूनच हातात दिलेली असते. आणि पोस्ट टाकली म्हणजे नोटीस दिली असं होत नाही.

भावाची वॉरंटी मागच्या महिन्यात संपली. त्याआधी दोन दिवस बिल्डरचं उत्तर आलं: 'गाडी पुन्हा आणा, एसीचं भोक उघडून बघतो.' पाण्याची चाचणी त्याच्यासमोर होणार, हे त्याने आधी ईमेलवर लिहून घेतलंय. सोमवारी गाडी घेऊन जातोय.