कंटेनरची शेतखोली

गेल्या काही वर्षांत आमच्या सभासद-कुटुंबांतून एक विचारणा वारंवार होऊ लागली आहे. बडोद्याबाहेर शेताचा तुकडा आहे, विजेचा खांब लांब आहे, गवंडी वेळेवर मिळत नाही. तेव्हा जहाजावरचा जुना कंटेनर आणून ठेवला तर राहण्याची सोय होईल काय? होईल, असे आमचे उत्तर आहे. मात्र पुढील मजकूर वाचून मगच पैसे मोजावेत, अशी विनंती आहे. बांधकामांवर पहारेकऱ्यांना जशाच्या तशा पत्र्याच्या पेटीत निजताना आपण सर्वांनी पाहिले आहे. वैशाखातल्या दुपारी ज्या खोलीत मालकास पाच मिनिटे बसवत नाही, तेथे राखणदाराचे बिऱ्हाड ठेवणे आम्हांस रास्त वाटत नाही.

ही पेटी जन्माने मालाची आहे, माणसाची नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. माल्कम मॅक्लीन या अमेरिकन मालमोटार-व्यावसायिकाने २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला रवाना केल्या, तेव्हापासून हा व्यवहार वाढला. पुढे जगभर मापे एक झाली. आपल्या बाजूस १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. त्याच वर्षी फिलिप क्लार्क यांना अशा पेट्यांपासून राहण्याजोगी इमारत करण्याच्या पद्धतीचे पेटंट अमेरिकेत मिळाले, आणि २००१ मध्ये लंडनच्या गोदी भागात कंटेनरांची वसाहतच उभी राहिली. पण लंडनकरांस ऊब हवी असते. आपणांस ऊन टाळावयाचे आहे. तिकडची चित्रे पाहून इकडे नक्कल करू नये ती एवढ्याचसाठी.

वीस फुटी पेटी ८ फूट रुंद व साडेआठ फूट उंच असते. आतून रुंदी पावणेआठ फुटांच्या आतबाहेर, आणि क्षेत्र दीडशे चौरस फुटांच्या जवळपास. दोन खाटा, एक ओटा व एक कोपरा, इतकेच तीत मावते. साडेनऊ फूट उंचीचीही पेटी येते. पंखा टांगावयाचा असल्यास तीच घ्यावी.

पेटीचे सारे बळ चार कोपऱ्यांच्या खांबांत व कडेच्या तुळयांत असते. भरलेल्या पेट्या जहाजावर एकावर एक रचतात, तो भार या खांबांवरून खाली उतरतो. म्हणून ती चार काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, कोपऱ्यांच्याच खाली, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच बसवावी. पाणी, वाळवी व सरपटणारे प्राणी यांपासूनही त्यामुळे बचाव होतो. ठोकळे पाणसळीत नसतील तर पेटी किंचित पिळवटते व दारे लागेनाशी होतात. छत मात्र दिसते तितके दणकट नाही. ते दोनेक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे असते. त्यावर माती घालून बाग करण्याचा किंवा पेटी जमिनीत पुरण्याचा हौशी बेत सोडून द्यावा. बाजूच्या पन्हळी भिंतीही नुसता आडोसा नसून पेटीस ताठ ठेवतात. खिडकी कापली की तिच्याभोवती लोखंडी चौकट वेल्डिंगने बसवलीच पाहिजे. एक संपूर्ण भिंत काढून व्हरांडा करावयाचा असेल, तर अभियंत्यास दाखविल्यावाचून हात लावू नये.

पेटी निवडताना आत शिरावे, बाहेर एक माणूस उभा करून दारे लावून घ्यावीत आणि छताकडे पाहावे. जेथे उजेडाचा ठिपका दिसेल तेथून पाणी येणार. बाहेरच्या माणसाची गरज का पडली, हेही त्याच वेळी उमगेल. कंटेनरची कडी फक्त बाहेरून लागते. आत माणूस निजलेला असता कोणी ती घातली, तर आतून सुटका नाही. त्यासाठी मोठी दारे उघड्या स्थितीत पक्की करावीत, आतून उघडणारा साधा दरवाजा बसवावा, आणि समोरच्या टोकास माणूस बाहेर पडू शकेल एवढी, गजांवाचूनची खिडकी ठेवावी.

तळाची फळी सुमारे २८ मिलिमीटर जाडीची असते, व तिला बहुधा कीटकनाशक पाजलेले असते. दारावरच्या धातूच्या पाटीवर घडणीचे साल व लाकडास लावलेल्या औषधाची नोंद पाहावयास मिळते. ज्या घरात मूल रांगणार आहे तेथे ही फळी काढून टाकणे उत्तम. ते न जमल्यास इपॉक्सीचा जाड लेप देऊन वर नवी जमीन घालावी. जुना रंगही निरुपद्रवी नसतो. कापताना व घासताना कारागिराने तोंडावर मुखवटा बांधलाच पाहिजे.

आता उष्णतेविषयी. खर्चाचा हात येथे आखडू नये. उन्हात तापलेला पत्रा हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो, आणि रात्री तितक्याच झपाट्याने निवतो. सर्वांत स्वस्त व गुणकारी उपाय म्हणजे पेटीवर फूट-दीड फूट अंतर सोडून दुसरे पत्र्याचे छप्पर उभारणे. चोहोबाजूंनी ते तीन-चार फूट पुढे काढावे. मधल्या फटीतून वारा खेळतो, भिंतींवर ऊन पडत नाही, आणि पॅनेले बसविण्यास जागा होते. त्याखेरीज आतून दोन इंच फोम फवारून घ्यावा. तो पत्र्यास घट्ट चिकटतो, त्यामुळे मागे ओल धरत नाही. काचलोकर भरून मागे फट राहिली, तर श्वासाची व स्वयंपाकाची वाफ थंड पत्र्यावर जमून पाणी ठिबकते, आणि वर्षभरात गंज धरतो. फोम पेट घेतो, म्हणून त्यावर सिमेंटचा किंवा जिप्समचा तक्ता हवाच. समोरासमोर खिडक्या, एक खाली व एक वर, ठेवाव्यात. चूल वा शेगडी बाहेर पडवीतच असू द्यावी.

विजेचा हिशोब सोपा आहे. नऊ वॅटचे तीन दिवे पाच तास, तीस वॅटचा पंखा चौदा तास, फोन, आणि अर्ध्या अश्वशक्तीचा पंप वीस मिनिटे, मिळून सुमारे ७४० वॅट-तास होतात. वाटेतली घट धरून रोजचे एक युनिट. चारशे वॅटचे एक पॅनेल उन्हाळ्यात यास पुरते. पावसाळ्याकरिता दोन लावावीत. बारा व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरली तरी एक रात्र व दुसरा ढगाळ दिवस निभतो. वातानुकूलन यंत्र आठ तास चालविले तर एकटे सहा-सात युनिटे खाईल. छपराचा खर्च जड वाटणाऱ्यांनी ही तुलना जरूर करावी. बॅटरी खोलीबाहेर, हवेशीर सावलीत ठेवावी. खोली सगळीच लोखंडाची असल्याने भुयारी अर्थिंग व गळती ओळखून तोडणारा स्विच यांत चालढकल चालणार नाही.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. वरचे छप्पर तीस चौरस मीटरचे धरले, तर बडोद्याच्या सुमारे ९०० मिलिमीटर पावसातून, पाचवा हिस्सा वाया जाऊनही, एकवीस हजार लिटरांवर पाणी पन्हळीतून टाकीत येईल. पहिल्या पावसाचे सोडून द्यावे. पिण्यास ते गाळून व उकळूनच घ्यावे. शौचकूप दोन शोषखड्ड्यांचा, विहिरीपासून लांब व उताराच्या बाजूस करावा.

क्रेन व लांब गाडी शेतापर्यंत वळते काय, वाटेत विजेच्या तारा आडव्या येतात काय, हे सौदा ठरविण्यापूर्वी स्वतः चालून पाहावे. पेटीस पाया नाही म्हणून परवानगी नको, असे विक्रेते सांगतात. ग्रामपंचायत व तलाठी यांना लेखी विचारल्यावाचून त्यांवर विसंबू नये. आणि हे सारे होळीपूर्वी उरकावे. म्हणजे उन्हाळा सुरू होण्याआधी वरचे छप्पर चढेल, व पावसाळ्यात ओल्या काळ्या मातीत क्रेन रुतण्याचा प्रसंग येणार नाही.