राज्याभिषेकाचे चित्र आणि इतिहास

शिवराज्याभिषेक म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जो दरबार उभा राहतो तो बखरींतून आलेला नाही. तो तैलरंगांतून आला आहे. महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे शंभराहून अधिक व्यक्तींनी गजबजलेले ते चित्र छापील प्रतींतून घरोघर पोचले. लालबाग-परळच्या गणेशोत्सवांतील देखाव्यांनीही त्याच घडणीचा दरबार पुन:पुन्हा मांडला.

ही घडण मूळची विलायती. नायकावर प्रकाश, इतरांवर छाया, आणि प्रसंगातील नेमका उत्कट क्षण! सर डेव्हिड विल्की यांनी १८३९ साली श्रीरंगपट्टणचे चित्र पुरे केले. त्यात कंदिलाच्या उजेडात टिपू सुलतानाच्या मृतदेहाशी जनरल बेअर्ड विजयी मुद्रेने उभा आहे. घटना १७९९ ची. चित्र काढवून घेतले बेअर्डच्या विधवेने. आणि विल्की हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. प्रकाश कोणावर पडावयाचा हे आधीच ठरलेले होते.

कोल्हापूरचे धुरंधर १८९० साली जे. जे. कलाशाळेत आले ते याच रीतीचे शिक्षण घेण्यास. पुढे त्यांनी तीच हत्यारे आपल्या राजासाठी वापरली. पारतंत्र्यातील वाचकवर्गाला त्या सिंहासनाने काय दिले असेल, हे आज तोलून सांगणे कठीण आहे. त्या चित्राला केवळ विलायती अनुकरण म्हणणारे समीक्षक मला अरसिक वाटतात.

परंतु वर्गात हेच चित्र पुरावा म्हणून दाखविले जाते, तेथे मात्र थांबावयास हवे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन स्वत: हजर होता. सिंहासनाच्या उजव्या बाजूस मोठ्या दातांची दोन सुवर्णमत्स्यमुखे, डाव्या बाजूस घोड्यांची पुच्छे आणि भाल्याच्या टोकावर समतोल सोन्याचा तराजू, असे त्याने नोंदविले आहे. तो दूर उभा होता. दुभाष्या नारायण शेणवी याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली, तेव्हा महाराजांचे लक्ष गेले आणि सिंहासनाच्या पायथ्यापर्यंत येण्याची आज्ञा झाली. तराजू आणि उंचावलेला तो हात! कोणत्याही कुंचल्याला हेवा वाटावा असा हा क्षण आहे.

शाळेच्या भिंतीवरून धुरंधरांचे चित्र उतरवावे असे कोण म्हणेल? मात्र त्याखाली चित्रकाराचे नाव असावे, त्यांचा जन्म १८६७ चा, म्हणजे सोहळ्यानंतर १९३ वर्षांनी झाला हेही लिहावे, आणि शेजारी ऑक्झिंडेनच्या नोंदीचा मराठी अनुवाद लावावा. दोन्हींत काय जुळते नि काय नाही, ते मुलांनाच शोधू द्यावे.