बारा व्होल्ट गेले कुठे?

पावसाळ्यात काचा मिटून भोरहून वेल्ह्याला मोटारीने निघालात, की थोड्याच वेळात समोरची काच आतून धुरकटते. आपल्याच श्वासातील बाष्प तिच्यावर जमते. वातानुकूलन यंत्र हवा गार करून तिच्यातील पाणी काढून घेते आणि काच निवळते. वळणावळणाच्या रस्त्यावर ही काही चैन नव्हे!

समजा, पंखा फिरतो आहे, पण हवा गार होत नाही. बऱ्याच मोटारींत काँप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो आणि विद्युत्‌चुंबकी क्लच त्याला पट्ट्याच्या चाकाशी जोडतो. हा क्लच ओढला जात नाही. कारागीर त्याचा प्लग काढून व्होल्टमीटर लावतो, तर पुरते 12 व्होल्ट! ‘वीज येते, म्हणजे क्लच जळाला’, असे म्हणून नवा क्लच बसवला जातो. हवा मात्र गरमच!

मोटारीत परतीची तार म्हणजे गाडीचा पत्राच. क्लचच्या वेटोळ्याचा रोध 4 ओहम आणि पत्र्यावरच्या गंजलेल्या जोडाचाही 4 ओहम धरा. धारा 12 ÷ 8 = 1.5 अँपिअर, म्हणजे वेटोळ्याला 6 व्होल्टच मिळतात. प्लग काढून मीटर लावला, की त्याच्या प्रचंड रोधामुळे धारा जवळजवळ शून्य होते. मग गंजावर विभवांतर पडणार कसे? मीटर 12 दाखवतो.

म्हणून प्लग जोडलेला ठेवून, यंत्र चालू असतानाच मोजावे (फिरत्या पट्ट्यापासून हात दूर!). मीटरची एक तार वेटोळ्याच्या परतीच्या टोकाला, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावा. काटा शून्याजवळ हवा. 6 दिसले, तर जोड घासून घट्ट बसवा.