उकिरड्याचा धडा

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, ही म्हण ज्या काळी रूढ झाली त्या काळी ती अक्षरशः खरी होती. कारण शेण, राख, पाचोळा आणि खरकटे यांवाचून घराबाहेर टाकण्याजोगे फारसे काही निघतच नसे, आणि जे निघे ते कुजून मृगापूर्वी शेतात जाई. पूर्वीच्या औंध संस्थानातील, आता सांगली जिल्ह्यात असलेला आटपाडी हा तर माणदेशाचा कोरडा मुलूख. धनगराची मेंढरे रात्रभर आपल्या रानात बसावीत म्हणून त्याला धान्य मोजून देणारा इथला शेतकरी लेंडीचेही मोल जाणत असे. प्लॅस्टिकच्या पिशवीने ती म्हण खोटी पाडली. खरकटे भरून, गाठ मारून भिरकावलेल्या पिशवीची गाठ गाय सोडत बसत नाही. ती पिशवीसकट गिळते.

कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या सरकारी नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा निराळा ठेवण्याचा जिम्मा घरांवर टाकला. परंतु सरकारी हुकूम उंबऱ्यापाशी थबकतो, चुलीपर्यंत जाते ते घरचे पोर. इंग्लंडातील रॉदरहॅम येथे प्राथमिक शाळांतील मुलांकरवी कचऱ्याचा धडा घरी धाडला, तेव्हा कचरा वेगळा करून देण्यात घरांचा सहभाग वाढल्याचे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. आपल्याकडे गाडगेबाबांनी दिवसा खराट्याने गाव झाडून रात्री कीर्तनास उभे राहण्याचा शिरस्ता ठेवला होता, आणि सांगली जिल्ह्याचेच आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानास गाडगेबाबांचेच नाव दिले गेले. शाळांनी मात्र बहुधा कीर्तन घेतले आणि खराटा सोडला: प्रभातफेरी, घोषणा, निबंधस्पर्धा!

त्यापेक्षा मुलाने आठ दिवस घरच्या कचऱ्याचा जमाखर्च वहीत मांडावा. अर्थात ती वही वर्गात मोठ्याने वाचली जाऊ नये; कोणाच्या घरी काय शिजते आणि काय शिजत नाही, हे कचरा चुगलखोरासारखा सांगून टाकतो.

“आज्जे, पिशवी चुलीत नगं घालू, धूर वंगाळ असतुया,” असे नातू म्हणतो, तेव्हा जाळ धरावा म्हणून पिशवी पुढे केलेला हात क्षणभर थांबतो. मग शाळेत खणलेल्या खताच्या खड्ड्याची हकीकत तो रंगवून सांगू लागतो, आणि म्हातारी चुलीत काटकी सारीत विचारते, “शेणकाला शिंपडलासा का त्यात?”

नातू गप्प.