सीरमची रेसिपी बदलली? मग ते नवं प्रॉडक्टच समजा!

राजारामपुरीत नाहीतर महाद्वार रोडवर कुठल्याही कॉस्मेटिकच्या दुकानात दहा मिनिटं उभे राहा. कुणीतरी येतंच आणि विचारतं, "डाग जायला काहीतरी द्या की." पिंपल गेलं पण काळा डाग राहिला, बाळंतपणानंतर गालावर वांग आलं, उन्हात फिरून कपाळ काळवंडलं. गिऱ्हाईक तयारच आहे. त्यामुळं आमच्या ट्रेनिंगच्या प्रत्येक बॅचमध्ये दोघी-तिघींना फेस सीरमचाच ब्रँड काढायचा असतो.

त्यातल्या एका ताईंचं सीरम मी बारा आठवडे लावून बघितलं. रेसिपी बदललेलं, नवं. आधी ती बदलावी का लागली ते समजून घ्या, कारण ही वेळ तुमच्यावरही येणार आहे.

जुन्या सीरममध्ये एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड होतं, म्हणजे मूळ रूपातलं व्हिटॅमिन सी. डागांवर चांगलं काम करतं, पण स्वभावानं फार नाजूक. हवा, उजेड, उष्णता लागली की आधी पिवळं, मग तपकिरी पडतं. ते त्वचेत उतरावं म्हणून पीएच साडेतीनच्या खाली ठेवावा लागतो, त्यामुळं चुरचुरतं. आता एप्रिलमधलं पार्सल डोळ्यांसमोर आणा. कुरिअरची गाडी दिवसभर उन्हात, आणि गिऱ्हाइकाच्या हातात पडते चहाच्या रंगाची बाटली. बाटल्या परत यायला लागल्या. मग ताईंनी सोडियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेट हे टिकाऊ रूप घेतलं आणि जोडीला ४ टक्के नायसिनामाइड. दोघांनाही पीएच ६ ते ७ मानवतो. व्हिटॅमिन सी मेलॅनिन तयार होण्याला लगाम घालतं. नायसिनामाइड तयार झालेलं मेलॅनिन वरच्या पेशींकडं कमी जाऊ देतं.

यात फुकट काहीच मिळत नाही बरं का. फॉस्फेटचं रूप त्वचेत गेल्यावर मग व्हिटॅमिन सी होतं, त्यामुळं जोर कमी आणि वेळ जास्त. मला विचाराल तर छोट्या ब्रँडला हाच सौदा परवडतो. बाटलीतच मेलेल्या जोरदार सीरमचा कुणाला उपयोग?

चेहऱ्याला लावण्याआधी दोन दिवस कानामागं लावून बघितलं. मग रोज सकाळ-संध्याकाळ पाच-पाच थेंब, आणि सकाळी वरून सनस्क्रीन. सनस्क्रीन नसेल तर कुठलंही सीरम लावू नका, पैसे वाचवा; ऊन दिवसभर तेच डाग परत गडद करत असतं. फोटो दर रविवारी त्याच खिडकीत, त्याच वेळी, मोबाईलचा ब्यूटी मोड बंद करून. चौथ्या आठवड्यापर्यंत काहीही फरक नाही. आठव्या आठवड्यात हनुवटीवरचे पिंपलचे डाग फिकट वाटायला लागले. बाराव्यात ते फोटोतही फिके दिसले. गालावरचं वांग मात्र जिथल्या तिथं. वांग खोलवर असतं, त्यात हार्मोनचा हात असतो, त्याला त्वचारोगतज्ज्ञच गाठावा लागतो. "वांग घालवतं" असं लेबलवर लिहू नका, असं मी ताईंना स्पष्ट सांगितलं.

आता धंद्याचं गणित करा. एका मिलिलिटरचे साधारण २० थेंब धरले, तर ३० मिलीची बाटली म्हणजे ६०० थेंब. रोजचे १० थेंब, म्हणजे बाटली ६० दिवसांत संपली. फरक दिसतो ८४ दिवसांत! म्हणजे एकच बाटली घेणारी गिऱ्हाईक बहुतेक वेळा "काही उपयोग नाही" म्हणूनच थांबणार. तुम्ही जाहिरातीत "सात दिवसांत ग्लो" म्हणालात, तर आठव्या दिवशीच थांबणार. आधीच बारा आठवडे सांगितलेत, तर दुसरी बाटली ती स्वतःहून मागते.

सात दिवसांचं आश्वासन पाळायची घाई लोकांना कुठं नेते, त्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडाला सूज आली. मुंबईच्या केईएममध्ये तपासणी झाली, तेव्हा स्थानिक ब्यूटिशियनकडून आणलेल्या गोरं करणाऱ्या क्रीममध्ये भरपूर पारा निघाला. पारा मेलॅनिन पटकन थांबवतो, म्हणून घालतात. आपल्या कायद्यात तो मुद्दाम घालायला बंदी आहे, आणि नकळत आलाच तर चेहऱ्याच्या क्रीममध्ये दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. घाऊक बाजारातून बिनलेबलचा "व्हाइटनिंग बेस" आणून त्यावर आपलं स्टिकर लावायचा बेत असेल, तर तो आजच सोडा. गिऱ्हाइकाच्या किडनीचा प्रश्न आहे.

घरच्या किचनमध्ये करून विकणंही चालत नाही. कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणं अन्न व औषध प्रशासनाचं लायसन्स लागतं. स्वतःचा कारखाना नसेल तर लायसन्स असलेल्या कारखान्यात माल करून घेण्यासाठी लोन लायसन्स मिळतं. ताईंनी तेच केलं. आणि औषध की कॉस्मेटिक, हे आधी ठरवा. १९५२ साली पेंढारकरांनी सुरू केलेल्या विकोची हळदीची क्रीम आयुर्वेदिक औषध की सौंदर्यप्रसाधन, यावर एक्साइज खात्याशी वर्षानुवर्षं कोर्टात वाद चालला. विकोनं तो जिंकला, पण ती ताकद विकोची होती. तुमचं लायसन्स कॉस्मेटिकचं असेल तर "उपचार", "बरा होतो" हे शब्द लेबलवर नकोत.

रेसिपी बदलली की चाचण्याही पुन्हा. ४० अंशाला तीन महिने बाटल्या ठेवून रंग, वास, पीएच तपासून घ्या. जंतू वाढतात का तेही बघा, कारण पाणी असलेल्या सीरममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह कमी पडलं तर बुरशी धरते. घटकांची यादी नवी छापा. जुनी लेबलं शिल्लक आहेत म्हणून संपवत बसू नका.

आणि जुन्या गिऱ्हाइकांना सांगा. ताईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज त्यांच्या परवानगीनं देते. नाव बदलून वापरा:

"नमस्कार. आपल्या सीरममधलं व्हिटॅमिन सीचं रूप बदललं आहे आणि नायसिनामाइड घातलं आहे. आता रंग लवकर बदलणार नाही, चुरचुर कमी होईल. आधी दोन दिवस कानामागे लावून बघा. पिंपलच्या डागांवर फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात, सनस्क्रीन रोज हवं. वांगासाठी डॉक्टरांना दाखवा. गरोदर असाल किंवा त्वचेचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारून वापरा. तुमच्याकडची जुनी बाटली तपकिरी झाली असेल तर लावू नका, बदलून देऊ."