धातूंचे नॅनोकण, तीव्र प्रकाश आणि ध्रुवणाचे नियंत्रण

महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवरील झाईच्या किनाऱ्यावर सूर्य क्षितिजापासून सुमारे ३७ अंशांवर असताना संथ पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश जवळजवळ पूर्णतः आडव्या दिशेत ध्रुवित असतो. ध्रुवक चष्मा ती चकाकी अडवितो. परंतु प्रकाश मंद असो वा प्रखर, चष्म्याचा नियम एकच राहतो. प्रकाशाच्या तीव्रतेनेच ध्रुवण बदलावे असे वाटत असेल, तर अरेषीय माध्यमाकडे वळावे लागते.

बाह्य विद्युत क्षेत्रामुळे काचेत द्विअपवर्तन उत्पन्न होते, हे जॉन केर यांनी १८७५ मध्ये दाखविले. द्रवांतील या परिणामाची रेणवीय उपपत्ती रामन व कृष्णन यांनी १९२७ मध्ये मांडली. लेसर आल्यावर प्रकाशाचे स्वतःचे क्षेत्रच हे कार्य करू शकते, असे आढळले. मेकर, टर्‌ह्यून व सॅव्हेज यांनी १९६४ मध्ये द्रवातून जाणाऱ्या तीव्र प्रकाशाचे ध्रुवण-विवृत्त फिरते, हे दाखविले. विवृत्त-ध्रुवित प्रकाश म्हणजे उजव्या व डाव्या वर्तुळ-ध्रुवित घटकांचे असमान मिश्रण. तीव्रता असमान म्हणून दोहोंना माध्यमाचा अपवर्तनांकही असमान जाणवतो, त्यांच्यात कलांतर पडते आणि विवृत्ताचा आकार न बदलता अक्ष वळतो. प्रतल-ध्रुवित प्रकाशात दोन्ही घटक समान असल्याने असे वळण संभवत नाही.

फॅरेडे यांनी १८५७ मध्ये अभ्यासिलेल्या माणिकवर्णी सुवर्णद्रावणात हा परिणाम वाढविण्याची सोय आहे. पाण्यातील लहान सुवर्णकणांचे मुक्त इलेक्ट्रॉन सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीस एकत्रितपणे दोलायमान होतात. कणातील क्षेत्र त्यामुळे वाढते, आणि कणाच्या तृतीय क्रमाच्या प्रतिसादात ही वाढ चौथ्या घाताने उतरते. म्हणूनच धातूचे अत्यल्प प्रमाणही पुरते. रेसिफे (ब्राझील) येथील रेना व द आराउजो यांनी तर चांदीच्या कणांचे प्रमाण साधून तृतीय क्रमाचा परिणाम जवळजवळ नाहीसा केला व पंचम क्रमाचा परिणाम उघड केला.

अडचण अशी की, त्याच तरंगलांबीस शोषणही प्रबळ असते. द्रव तापतो, अपवर्तनांक बदलतो, आणि सतत लेसर वापरून केलेल्या झेड-स्कॅन मापनात मिळणारे भलेमोठे आकडे बहुतांशी या उष्णतेचेच असतात. ते इलेक्ट्रॉनीय अरेषीयता म्हणून नोंदविणे, प्रस्तुत लेखकाच्या मते, समर्थनीय नाही. उष्णतेने होणारा बदल उजव्या व डाव्या घटकांस सारखाच लागू होतो; त्याने विवृत्त फिरत नाही. प्रयोगमार्गात एक चतुर्थांश-तरंग पट्टी व एक विश्लेषक बसविला की हा भेद तपासता येतो. अपवर्तनांकातील बदल मोठा, पण अक्ष जागचा हललेला नाही, असे दिसल्यास तो आकडा उष्णतेच्या खाती जमा करावा लागतो.