यकृताचे काठिण्य आणि भक्षकपेशींची कैफियत

दाह म्हटला की लाली, उष्णता, सूज आणि ठणका ही केल्सस या रोमन ग्रंथकाराने नोंदवलेली चार लक्षणे आपल्या मनात इतकी रुजलेली असतात की, जे दुखत नाही ते ठणठणीत आहे असे आपण बिनदिक्कत मानून चालतो. परंतु हिपॅटायटिस बीच्या विषाणूमुळे यकृतात उद्भवणारा जुनाट दाह यांपैकी एकही खूण न दाखवता वर्षानुवर्षे धुमसत राहू शकतो.

प्रतिकारशक्ती दुबळी पडल्यानेच यकृत कठीण होते, सबब काढे-चाटणे घेऊन ती वाढवावी, हा समज तर सार्वत्रिक आहे. वास्तविक हा विषाणू स्वतः यकृतपेशींना सहसा मारीत नाही. ग्रासलेल्या पेशींचा संहार करतात त्या आपल्याच प्रतिकारयंत्रणेतील टी-पेशी. त्या धुमश्चक्रीत मृतपेशींची विल्हेवाट लावण्यास तैनात असलेल्या भक्षकपेशी टीजीएफ-बीटा नामक द्रव्य सोडतात, आणि त्याचा हुकूम सुटताच, एरवी अ जीवनसत्त्वाचे मेदबिंदू पोटात साठवून स्वस्थ बसलेल्या तारकापेशी आपला तो साठा गमावून कोलॅजेनचे चिवट तंतू विणू लागतात. जखम भरून काढणारी ही व्यवस्था मूळची हितकरच. घात होतो तो ती वेळेवर बरखास्त न झाल्यामुळे.

मग या भक्षकपेशींचाच बीमोड करावा काय? 2005 साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगात, इजा चालू असताना भक्षकपेशी नाहीशा केल्या तेव्हा व्रणतंतू कमी झाले. इजा थांबल्यानंतर केल्या, तेव्हा मात्र साचलेले तंतू विरघळण्याचेच काम अडले. फुप्फुसाच्या अज्ञातहेतुक तंतुमयतेत तर प्रेड्निसोन आणि अॅझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे अॅसिटिलसिस्टीनच्या जोडीने दिलेल्या रुग्णांत मृत्यू अधिक आढळल्याने अमेरिकेतील चाचणीचा तो भाग 2011 मध्ये थांबवावा लागला. सरसकट दडपणे हे सरसकट चेतवण्याइतकेच अविचाराचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहता राहिला, एकदा कठीण झालेले यकृत कधीच पूर्ववत होत नाही, हा निराशेचा समज. टेनोफोव्हिर या औषधाने विषाणूला पाच वर्षे आवर घातलेल्या रुग्णांच्या 2013 मधील अहवालात, प्रारंभी सिरॉसिस, म्हणजे हे काठिण्य, असलेल्या 96 जणांपैकी 71 जणांच्या यकृताच्या तपासलेल्या तुकड्यात ते उरले नव्हते. अर्थात फार पुढे गेलेल्या विकारात अशी हमी देता येत नाही, आणि सुधारलेल्या रुग्णालाही यकृताच्या कर्करोगाची तपासणी चुकत नाही. दाह असा मुकाट धुमसतो आणि वेळीच आवरता येतो, म्हणून घरात आईला वा भावंडांना हिपॅटायटिस बीची बाधा असल्यास आपलीही रक्ततपासणी करून घ्यावी, आणि नवजात बालकास पहिली लस जन्मानंतर 24 तासांच्या आत टोचवावी.